काचेच्या कपाटातलं माझं पुस्तक

पहिलं पुस्तक छापून आलं की माणसाचं डोकं ठिकाणावर राहत नाही. माझं तर पाच वर्षं नव्हतं. हे पुस्तक कुणी वाचतंय का, एवढंच मला कळायला हवं होतं. मुंबईतल्या मित्रांना विचारलं की ते "वाचतोय, वाचतोय" म्हणायचे. मुलगी बघून गेलेले लोक "कळवतो" म्हणतात ना, अगदी त्याच सुरात.

पण आमच्या पनवेलच्या वाचनालयाला मी सही करून एक प्रत दिली होती. तिथे प्रत्येक पुस्तकाला मागे, ते नेल्याच्या तारखांची चिठ्ठी चिकटवलेली. मित्र खोटं बोलतील, चिठ्ठी कशाला बोलेल? त्यामुळे वाचनालयाने सत्काराचं बोलावणं धाडलं तेव्हा मी चारचौघांत आढेवेढे घेतले आणि होकाराचं पोस्टकार्ड त्याच दिवशी टाकलं.

ही साठ सालाच्या आसपासची गोष्ट. शनिवारचं अर्ध्या दिवसाचं ऑफिस आटोपून आम्ही पनवेलच्या शाळेतले तिघे सोबती निघालो. गाडी डॉक्टर मित्राची. शीळफाट्यापर्यंत तिने आम्हाला नेलं आणि पुढे बराच वेळ आम्ही तिला. दुसरा मित्र शाळामास्तर. तो ढकलतानाही आम्हालाच सूचना देत होता. मागच्या सीटवर वाचनालयाला द्यायला जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे होते. घर रिकामं झालं, वर दानाचं पुण्य.

संध्याकाळी शाल, श्रीफळ आणि पाच भाषणं झाली. मी पनवेलचं भूषण असल्याचं पाचही जणांनी सांगितलं, पुस्तकाबद्दल एकानेही चकार शब्द काढला नाही. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. पण हातात नारळ आला की कुणाला शंका येते?

रविवारी सकाळी मी एकटाच वाचनालयात गेलो आणि ग्रंथपालांना माझं पुस्तक दाखवायला सांगितलं. म्हाताऱ्याने मोठ्या कौतुकाने मला एका काचेच्या कपाटापुढे उभं केलं. गावच्या लेखकांची पुस्तकं त्यात मांडलेली, बाहेर हे भलंमोठं कुलूप.

"कुणालाही देत नाही हो!" ते म्हणाले. "लोक तेलकट हात लावतात, पानं दुमडतात. तुमची वस्तू आम्ही जिवापाड जपलीय."

माझं टाळकंच सटकलं. "अहो, लोणचंसुद्धा कधीतरी बरणीतून काढतात! उघडा आधी!"

किल्ली अध्यक्षांच्या जानव्याला. त्यांना अर्ध्या अंघोळीतून बोलावलं. कानाला साबण तसाच ठेवून, पुटपुटत त्यांनी कुलूप काढलं. मी घाईघाईने शेवटचं पान उघडलं. चिठ्ठी कोरी करकरीत! पाच वर्षांत एक तारीख नाही. मला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात मागून आवाज आला, "आता तरी मला द्या की. तीन वर्सं मागतो, देत नाय."

जवळच्याच कोन गावचा एक शेतकरी पुस्तक बदलायला आला होता. ग्रंथपालांनी जड हाताने तारखेचा शिक्का मारला. तो बाकावर बसून तिथेच वाचायला लागला. बाहेर डॉक्टर हॉर्न बडवत होता. बडव म्हटलं! मी वर्तमानपत्र तोंडापुढे धरून त्या शेतकऱ्याकडे बघत राहिलो. चौथ्या पानावर त्याचं बोट थांबलं.

"लिवनारे तुमीच ना? भादव्यात भाताची लावनी कोन करतो? गवरी येतात तवा भात पोटरीला असतो, कनीस भायेर पडायला आलेलं असतं. बारकी पोरं पन सांगतील."

मी बाजारपेठेत वाढलेला; तांदूळ मला पोत्यात भेटलेला. याच गोष्टीला मुंबई-पुण्याच्या परीक्षकांनी "मातीचा अस्सल वास" असल्याचं लिहिलं होतं. एकालाही लावणी खटकली नव्हती!

"म्हणून तर कुलपात ठेवलं होतं," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी तरी कुठे वाचलं होतं!

खरं तर मला राग यायला हवा होता. पण मी वर्तमानपत्र बाजूला ठेवून बाकावर त्याच्याजवळ सरकलो. पाच वर्षांत माझी चार पानं खरोखर वाचलेला हा पहिला माणूस.

"पुढे वाचणार ना?" मी विचारलं. आवाजात अजिजी होती, लपवणार कशी?

"वाचनार तर!" त्याने पान उलटलं. "आजून काय काय चुकवलंय ते बगाया नको?"