गजेंद्रच्या मापाचा हार

नांदगाव खंडेश्वरच्या जानरावांच्या वावरात झेंडू पिकायचा, पण त्यातली टपोरी फुलं सहसा बाजारात जात नसत. गावच्या कबड्डी मंडळाचा सामना असला की ती गजेंद्रसाठी राखलेली. सामना जिंकला की चढाईला जाणाऱ्या या धिप्पाड गड्याच्या गळ्यात हार घालायचा मान जानरावांचा. तो त्यांना कुणी दिला नव्हता. त्यांनीच घेतला होता आणि गावानं चालवून घेतला होता.

यंदा मंडळाच्या अध्यक्षांनी, उत्तमरावांनी, गजेंद्र तिवस्याच्या मंडळाला देऊन टाकला आणि बदल्यात जीवन नावाचा किरकोळ बांध्याचा, पकडी करणारा पोरगा आणला. आपली पकड कच्ची आहे, हे त्यांचं म्हणणं. जानराव ज्याला त्याला विचारत सुटले, की पळता बैल देऊन घरी खुंटा कोण आणतं?

खरं दुखणं वेगळंच होतं. तिवस्याला त्यांचे व्याही पुंजाराम राहायचे. ते आता गजेंद्रला घरी रोडगे खायला बोलवत आणि पंगतीचा फोटो आठवणीनं जानरावांना पाठवत.

"लेक नेली, आता गडीही नेला," जानराव पुटपुटले.

"लेकीच्या पाठवणीले तं डोया ओला नाही झाला तुमचा," त्यांच्या बायको आशाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या.

पुढे दोन्ही मंडळांचा सामना अमरावतीला ठरला आणि पुंजारामांचा फोन आला. "इवाईबुवा, गजेंद्रासाठी हार तुमच्याच हातचा पाहिजे. घालतो मी."

जानराव हो म्हणाले. सामन्याच्या सकाळी त्यांनी दोन हार ओवले. जीवनचा मन लावून. व्याह्यांचा मुद्दाम आखूड.

जीवननं गजेंद्रचे पाय दोनदा धरले. दोन्ही वेळा गजेंद्र त्याला ओढत रेषेपर्यंत गेला. तिवसा जिंकलं. पुंजाराम ऐटीत हार घेऊन पुढे झाले आणि हार गजेंद्रच्या कानांवर अडकला. लोक हसले. जानरावांना घडीभर फार बरं वाटलं. मग ध्यानात आलं, की लोक पुंजारामांना नाही, कानांवर फुलं घेऊन उभ्या गजेंद्रला हसताहेत.

त्यांनी पिशवीतला दुसरा हार काढला. ओवला होता जीवनसाठी, पण हाताला एकच माप ठाऊक. जीवनच्या तो गुडघ्यापर्यंत आला असता.

"सरका, इवाईबुवा. याचं माप मले ठाव हाये."

हार अलगद गळ्यात उतरला. गजेंद्र वाकून जानरावांच्या पाया पडला.

मग पुंजारामांच्याही पडला. ते काही जानरावांना आवडलं नाही.