वाटी बुडेपर्यंत

आमच्या आतोबांनी, म्हणजे आत्याच्या यजमानांनी, जन्मात जितकी चित्रं काढली तितकी अख्ख्या निजाम इलाख्यात दुसऱ्या कुणी काढली नसतील, आणि त्यांतलं एकही आज कुणाला दाखवता येणार नाही. ते लातूरच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. चित्र पाटीवर काढायचं, तेही ठरल्या वेळात, आणि वेळ संपली की ओल्या फडक्यानं पुसून टाकायचं, असा त्यांचा शिरस्ता. घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. लग्नात मुहूर्त मोजायला भटजी पाण्यात सोडतात तशी, बुडाला भोक असलेली तांब्याची वाटी ते घंगाळात सोडत. वाटी भरून बुडाली की चित्र संपलं. अशा लहानमोठ्या वाट्या त्यांनी तांबटाकडून मुद्दाम करून घेतल्या होत्या. बसलेल्या माणसाला मोठी, बैलाला मधली, शेळीला धाकटी, आणि सगळ्यांत इवलीशी वाटी कोंबडीसाठी आणि आत्यासाठी, कारण या दोघी एका जागी ठरत नसत. लग्नात अंतरपाट दूर झाला तरी ह्यांची नजर माझ्याकडे वळली नाही, भटजींच्या वाटीवरच होती, असं आत्या चारचौघांत सांगायची, आणि आतोबा ते नाकारतही नसत.

मी त्यांच्याकडे गेलो तो कलेच्या ओढीनं नव्हे, निरुपायानं. नांदेडच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तरची जागा निघाली होती. ती मिळाली तर ठीक, नाहीतर उदगीरला काकांच्या धान्याच्या दुकानात बसायचं, असं वडिलांनी बजावलं होतं. मला धान्याच्या धुळीनं शिंका येत आणि मी स्वतःला कलावंत समजत असे, त्यामुळे दुकानाच्या नुसत्या विचारानं माझी झोप उडायची. डोंगर, देऊळ, नदी आणि नारळाचं झाड मी डोळे मिटून काढत असे. नारळाचं झाड मी तोवर पाहिलेलं नव्हतं हा भाग वेगळा. पण परीक्षेत जिवंत जनावर समोर बघून काढायला लावतात असं कळलं आणि माझं धाबं दणाणलं. माझी माणसं लोडाला हातपाय फुटल्यासारखी दिसत, आणि जनावरं त्याहून वाईट. पहिल्याच दिवशी मी काढलेला बैल पाहून आत्या कौतुकानं म्हणाली, "चौरंग मात्र झकास काढलास हं बाळा!"

आतोबांनी तो चौरंग पुसला आणि मला लातूरच्या बैलबाजारात नेलं. पाटी माझ्याकडे, घंगाळ माझ्याच डोक्यावर, वाट्या त्यांच्या शेरवानीच्या खिशात. बाजारात ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून मी देवाची प्रार्थना करत होतो, आणि देवानं नेमके सगळेच ओळखीचे पाठवले होते. एका बैलासमोर ठाण मांडून त्यांनी वाटी सोडली. मी घाईघाईनं शिंगं काढायला घेतली, तर आतोबांनी खसकन पाटी ओढून घेतली. "शिंगं कुठं पळून चाललीत का, लेका? आधी वजन बघ. चार पाय हायेत त्याला, पण उभा कोणत्या पायावर हाय? ते धर. बाकी बैल मागून येतोय." मी बघत राहिलो. वाटी बुडाली. दुसरी बुडाली. अखेर बैलाच्या मालकाचाच धीर सुटला. "ओ मास्तर, लई येळ झाला बघून राहिलाव. घ्यायचा हाय का न्हाई?" "न्हाई, नुसता बघायचा हाय," असं आतोबांनी शांतपणे सांगताच त्यानं बैलाच्या तोंडावर उपरणं टाकलं. "मग नजर लावू नगा माझ्या जनावराला. जावा पल्याड!" अशा रीतीनं आम्हांला बाजाराच्या पार टोकाला हाकलत नेण्यात आलं. त्या टोकाला गाढवं होती. गाढवांच्या मालकांची काही हरकत नव्हती.

समोरच्याला "हलू नका" असं आतोबा कधी म्हणत नसत. उलट तो हलेपर्यंत वाट बघत. एकदा गावच्या पोलीस अमीनसाहेबांना आपली तसबीर काढून घ्यायची हौस आली. साहेब मिशांना पीळ देऊन खुर्चीत ताठ बसले. आतोबा पाटी मांडीवर घेऊन गप्प. बराच वेळ झाला तरी वाटी पाण्यात पडेना. शेवटी साहेबांच्या पाठीला कुठेतरी खाज सुटली, ते वाकडे झाले आणि हात मागे नेऊन खाजवू लागले. त्याच क्षणी वाटी पाण्यात पडली आणि खडू चालू लागला. साहेबांनी पाटी पाहिली. त्यांचा चेहरा लालबुंद झाला, हात छडीकडे गेला; पण तोवर वाटी बुडाली होती आणि फडकं फिरलं होतं. कोऱ्या पाटीवर काय गुन्हा दाखल करणार? मी मात्र घंगाळ उचलून आधीच दार गाठलं होतं. बाहेर आल्यावर आतोबा मला म्हणाले, "बसलेला अमीन कुणीबी काढील. खाजवणारा अमीन जन्मात एकदा गवसतोय." मी विचारलं, "मग पुसला कशाला?" तर म्हणाले, "ठेवला की माणूस त्यालाच बघत बसतो. पुढचा बैल कोण बघणार?"

असे काही महिने गेले. चौरंगाचा हळूहळू बैल होऊ लागला. वाटी बुडाली की माझा हात आपोआप फडक्याकडे जाऊ लागला. ती प्रगती आहे असं मी समजत होतो.

परीक्षेला मी मोटारीनं नांदेडला गेलो. शाळाखात्याचे तपासनीस, म्हणजे मोहतमीमसाहेब, टांग्यातून आले. टांग्याचा घोडा सोडून अंगणातल्या लिंबाखाली बांधलेला होता. साहेबांनी खिडकीतून त्याच्याकडे बोट दाखवलं, "ये बनाओ" म्हणाले आणि शेजारच्या खोलीत चहा घ्यायला गेले. मी फळ्यासमोर उभा राहिलो. घोड्यानं एक सुस्कारा टाकला, मागचा एक पाय ढिला सोडला आणि सगळा भार दुसऱ्यावर दिला, आणि मला तो भार दिसला. त्यानंतर मी काही केलं असं मला म्हणवत नाही. घोडा फळ्यावर आला. दारात उभा असलेला चपराशी "माशाल्ला!" म्हणाला. माझ्या मनात वाटी बुडाली, टेबलावरचं ओलं फडकं मी उचललं, आणि जन्मात काढलेलं एकमेव चांगलं चित्र पुसून काढलं.

साहेब मिशा पुसत हेडमास्तरांबरोबर आत आले. "घोडा किधर है?"

"जी, पुसला."

"क्यों?"

"जी, वेळ संपली."

साहेबांनी हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी छताकडे पाहिलं. चपराशी बिचारा सांगू लागला की साहेब, घोडा होता, फार अव्वल होता. पण त्याला गप्प बसवण्यात आलं. साहेब माणूस दयाळू. त्यांनी मला पुन्हा काढायला सांगितलं. तोवर टांगेवाल्यानं घोडा पाण्यावर नेला होता. घाबरून मी आठवणीतून काढला. साहेबांनी मान तिरकी करून तो बराच वेळ न्याहाळला आणि हलक्या आवाजात विचारलं, "ये बैठने के काम आता है क्या?"

लातूरला परतलो तेव्हा आत्या दारातच उभी होती. माझा चेहरा पाहून तिनं काय ते ओळखलं आणि पदर डोळ्यांना लावला. मी सगळं सांगितलं. आतोबा पुढे सरकले. "पुसला ते ऱ्हाऊ दे. कोणता पाय सोडला होता त्यानं?"

"मागचा डावा."

"अन् मान?"

"उजवीकडे झुकलेली. थोडीशीच."

आतोबांनी डोळे मिटले. घोडा त्यांना दिसत असावा. मग आत्याला म्हणाले, "शिरा कर. पोराला घोडा गवसला."

"पोराची नोकरी गेली, अन् शिरा कसला करता?" आत्या कडाडली. पण तिनं शिरा केला, आणि तो मीच जास्त खाल्ला.

ठरल्याप्रमाणे मी उदगीरच्या दुकानात बसलो. शिंका सुरू झाल्या. पुढे राज्य बदललं, मोहतमीमचे तपासनीस झाले, पण मला कुणी पुन्हा फळ्यासमोर उभं केलं नाही. आत्या गेल्यावर मी आतोबांना उदगीरला घेऊन आलो. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरले होते. दिवसभर ते दुकानाच्या ओट्यावर माझ्याशेजारच्या पोत्यावर बसून असत. आपण पुरे आंधळे झालो हे त्यांनी बरेच दिवस कुणाला कळू दिलं नाही. एका बाजाराच्या दिवशी त्यांनी एकदम विचारलं, "काढून राहिलास का रे अजून?"

"नाही आतोबा. दुकानातून सवड होत नाही."

मला वाटलं, आता रागावतील. त्यांनी बाजाराच्या दिशेला कान केला. मग म्हणाले, "दिसतं का पण?"

समोर गाड्या सुटल्या होत्या. एक बैल उठत होता. "दिसतं," मी म्हणालो.

"मला न्हाई दिसत आता. तू सांगत जा."

त्या दिवसापासून मी सांगू लागलो. मागचे दोन्ही पाय आधी उचलले, आतोबा. आता पुढच्या उजव्या गुडघ्यावर आलाय. आता उठला. ते मान हलवत, आणि मांडीवर त्यांचं बोट फिरत असे. गिऱ्हाईक खोळंबे, तागडी हातात तशीच राही आणि काका आतून ओरडत, पण माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुखाचा काळ होता. आतोबा गेले तेव्हा तसबिरीला हार घालायचा म्हटलं, तर घरात त्यांचं एकही चित्र नव्हतं.

दुकान आता माझं आहे. बाजाराच्या दिवशी गाड्या सुटतात, बैल बसतात, उठतात. कोणता पाय आधी टेकला ते मला दिसतं, सांगायला तोंड उघडतं, आणि शेजारी नुसतं पोतं असतं.