मिठाच्या वजनाचं घड्याळ

आचोळ्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसापेक्षा उंच असं घड्याळ उभं आहे. बाबांनी ते मुंबईतल्या एका जुन्या बंगल्याच्या मोडीतून आणलं, तेव्हा आई म्हणाली होती, "घरात मानसं मावत नाय आनि ह्यो पाहुना आनलाय." आत दोन वजनं दोरीला लोंबतात. एकाच्या जोरावर काटे चालतात, दुसऱ्याच्या जोरावर ठोके पडतात. ठोक्यांचं वजन आणताना हरवलं. दुसऱ्या कुणी शिसं शोधलं असतं. बाबा मिठागरातले, त्यांनी पत्र्याच्या डब्यात जाडं मीठ ठासून तो डबाच टांगला.

मीठच ते. पावसाळ्यात पाझरायचं, डबा हलका व्हायचा, ठोके अडखळायचे. मग बाबा मीठ तव्यावर भाजून, थोडं नवं घालून डबा पुन्हा भरायचे. लादीवरचं खारट पाणी पुसताना माझं डोकं फिरायचं. एकदाचं शिसं बसवा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "खाल्ल्या मिठाला मानसं जागत नाय, ह्ये जागतं."

गेल्या वर्षी बाबांना अर्धांगवायू झाला. खाटेवरून तबकडी दिसत नाही, म्हणून ते डाव्या हाताची बोटं मिटत ठोके मोजतात. आठ पडले की जेवण. या श्रावणात एका संध्याकाळी घड्याळ पाच ठोके देऊन गप्प झालं. मी पेज घेऊन बसले होते.

"आठ वाजले, बाबा." मी मोबाइल दाखवला.

"पाचच झालं. अजून तीन हायेत."

त्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. दुसऱ्या दिवशीही तेच. मी कारागिराला बोलावून शिशाचं वजन बसवून घेतलं. ते इतकं जड की ठोके धडाधड पडले, बाबांची बोटं मागेच राहिली.

"कसली घाई हाय ह्याला?" म्हणाले, आणि पेज तशीच परत गेली.

घड्याळ उचलून गॅलरीतून फेकावंसं वाटत होतं. खोलीत येरझाऱ्या घालून पाय दुखले. बाबांच्या मनगटाचं हाड वर आलं होतं आणि मला भीती वाटत होती.

शेवटी वाण्याकडून जाडं मीठ आणलं. तव्यावर ते तडतडायला लागलं तशी बाबांनी मान वळवली, खूण करून एक खडा मागितला, जिभेवर ठेवला.

"आपल्या आगरातलं नाय."

"आपलं आगर बंद झालं, बाबा."

"ठाव हाय." त्यांनी डाव्या हाताने डबा दाखवला. "भर."

शिसं काढून डबा टांगला आणि घड्याळासमोर उभी राहिले. बसवेना. आठ वाजले. पाचवा ठोका पडला, बाबांची मूठ मिटली. मग तो जुना, सावकाश खंड. सहावा. एक बोट उघडलं. सातवा. आठवा.

बाबांनी तोंड उघडलं. घाईघाईने मी चमचा भरवला. त्यांनी घास घोळवला, कपाळाला आठ्या घातल्या.

"बाय," ते म्हणाले, "पेजेत मीठ नाय."