जयनगरातून दिसलेलं नोबेलियम

व्हिसा वेळेत आला नाही, म्हणून युरोपातल्या त्या प्रयोगात मी जयनगरच्या घरातूनच सामील झाले. माझी कामाची पाळी दुपारची. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून मी तिथले आकडे बघत होते. शेजारी अण्णा, म्हणजे माझे वडील, पावट्यासारख्या अवरेकाळूच्या शेंगा सोलत होते. त्यांची सगळी नोकरी इथल्या एका सरकारी कारखान्यात, तयार झालेले सुटे भाग तपासण्यात गेली.

तिकडे नोबेलियम हे मूलद्रव्य बनवत होते. ते निसर्गात सापडत नाही. एकेक अणू घडवावा लागतो आणि तोही थोड्याच वेळात फुटतो. तेवढ्यात त्यावर लेझर टाकायचा आणि प्रकाशाचा रंग किंचित किंचित बदलत न्यायचा. नेमका रंग जुळला की अणूतला एक इलेक्ट्रॉन निसटतो. मग विद्युतभारित झालेला तो अणू ओढून घेता येतो आणि त्याचं फुटणं मोजता येतं. रंग कुठे जुळला, यावरून आतल्या अणुकेंद्राचा आकार हाती लागतो.

दोन तास काहीच नव्हतं. मग आकडे वाढू लागले आणि आलेखावर एक टेकडी उभी राहिली. मी खुर्चीतून उठलेच. अण्णांना भराभरा सगळं सांगून टाकलं.

"स्वल्प थांब," ते म्हणाले. "लेझर बंद ठेवून मोजलंत का?"

मोजलं होतं, पण आदल्या दिवशी. आज नाही; लेझरविनाही आकडे वाढले असते, तर ती टेकडी खोटी ठरली असती. आनंदात मी ते विसरूनच गेले होते. मी लगेच आमच्या गटप्रमुखबाईंना विचारलं. त्यांनी प्रयोग थांबवून लेझर बंद करायला सांगितलं. आलेख सपाट झाला. अण्णांच्या हातातली शेंग तशीच राहिली. लेझर पुन्हा चालू झाला, आणि टेकडी त्याच जागी परत उभी राहिली.

नोबेलियमच्या हलक्या भावंडाची, म्हणजे कमी न्यूट्रॉन असलेल्या नोबेलियमचीच, टेकडी आमच्याकडे आधीपासून होती. ही तिच्यापासून जराशी सरकलेली होती. म्हणजे या केंद्राचा आकार वेगळा होता, आणि तो आजवर कुणीच मोजला नव्हता. हे मी अण्णांना सांगितलं.

पुढे कित्येक महिने आम्ही ते आकडे उलटसुलट तपासले. ते टिकले.

पण त्या संध्याकाळी मी अण्णांना जवळच्या फोर्थ ब्लॉकातल्या बाजारात कॉफी प्यायला घेऊन गेले. केंद्र लांबट असेल तर ते कुठल्या बाजूने मोजायचं, असं त्यांनी उभ्याउभ्याच विचारलं. मी सांगायला लागले, ती घर येईपर्यंत बोलतच राहिले.