वीतभर खडबडीत कड

सावळीराम पाथरवटाचा हात पटकन उठायचा, दगडावरही आणि माणसावरही. सिन्नरला एका मुकादमाचे पुढचे दोन दात त्याने पाडले होते, आणि हे तो स्वतःच सांगून वर हसायचा. गोदाकाठच्या नव्या चौकाच्या कामावर मी सुपरवायझर होतो. पहिल्याच दिवशी एक मजूर चपला घालून घडवलेल्या दगडावर चढला, तर सावळीराममामाने त्याची गचांडी धरून खाली ढकललं; कामावर सगळे त्याला मामाच म्हणायचे. मी ओरडलो, तर आईवरून शिवी मलाही मिळाली. साठीला टेकलेला, वाळक्या अंगाचा हा म्हातारा मला नकोसा झाला होता. आज तोंड वर करून मला त्याच्याबद्दल काही बोलण्याचा अधिकार नाही, तरी सांगतो.

चौक म्हणजे नदीत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. लोकांनी संध्याकाळी यावं, बसावं, पाण्यात पाय सोडून गप्पा माराव्यात, असा बेत. नकाशा उत्तराताईंचा. तरुण आर्किटेक्ट, पण ऐकून घेणारी बाई. बसणाऱ्यांचे कपडे अडकू नयेत म्हणून त्यांनी सगळीकडे गुळगुळीत ग्रॅनाइट सांगितला होता. मामाने नदीचं बादलीभर पाणी आणून पायरीवर ओतलं.

"चला बरं यावर, ताई. अनवाणी."

ताई चालल्या आणि दुसऱ्याच पावलाला घसरल्या. मी दंड धरला म्हणून वाचल्या.

"हे नुसतं पानी हाय," मामा म्हणाला. "शेवाळ धरलं की डोकी फुटतील. बसायची जागा ऱ्हाऊ द्या गुळगुळीत. पाऊल पडतं ती कड वीतभर छिन्नीनं टाचू द्या मला. खडबडीत झाली की पाय धरती."

"टाचा मामा. तुमचं बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "लेखी पुण्याहून पाठवते."

हे बोलणं झालं तेव्हा तिथे आम्ही तिघंच होतो.

आता मामाची चूक सांगतो. सरकारी कामावर कागद आल्याशिवाय कुणी खिळासुद्धा ठोकत नाही. पण मामाच्या घराण्यात मालकाने दगडापुढे उभं राहून 'हो' म्हटलं की नारळ फोडायचा आणि छिन्नी लावायची. त्याने त्याच दुपारी नारळ फोडला. तीन दिवसांत वरच्या अकरा पायऱ्यांच्या कडा टाचून झाल्या.

चौथ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस खंडेराव आला, बरोबर दोन धटिंगण. चकचकीत दगडावरचे घाव बघून तो पिसाळला.

"कुणाच्या बापाला विचारून फोडला रे?"

"ताईनी सांगितलं. ह्यो धनराजभाऊ व्हता तिथं, त्याला इचार."

खंडेराव माझ्याकडे वळला. पुढच्याच महिन्यात माझी नोकरी कायम व्हायची होती, आणि ते त्याच्या मालकाच्या हातात होतं. मी म्हणालो, "मला काही माहीत नाही."

मामाने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग खंडेरावच्या तोंडावर अशी बुक्की हाणली की ओठ फाटून लोंबला. दोघा धटिंगणांनी मामाला पालथा पाडला आणि बरगड्यांत लाथा घातल्या. खंडेरावने मामाचाच हातोडा उचलला, त्याचा डावा पंजा अकराव्या पायरीवर दाबून धरायला लावला आणि मारला. तीनदा मारला. बोटं मोडल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. मी पाच हातांवर उभा होतो आणि जागचा हललो नाही. भेकड होतो मी, दुसरा शब्द नाही.

पुढच्या आठवड्यात वरच्या धरणातून पाणी सोडलं. नदी पायऱ्या चढून आली आणि ते बघायला लोक लोटले. सुरगाण्याची झुंबरबाई काठावर रानभाजी विकायची, ती रिकामी पाटी धुवायला उतरली. अकरा पायऱ्या नीट उतरली. बाराव्या पायरीवर तिचा पाय सटकला आणि कवटी कडेवर आपटली. पाणी लाल झालं. तिला धरायला धावलेला माणूसही तिथेच पडला, त्याची मांडी मोडली. झुंबरबाई दवाखान्यात पोचण्याआधीच गेली.

त्या दिवशी मी पोलीस चौकीत जाऊन सगळं खरं सांगितलं. खंडेराव आत गेला, माझी नोकरी गेली. दोन दिवसांनी ताई सहीचा कागद घेऊन आल्या आणि पाण्यातल्या बाराव्या पायरीकडे बघत रडल्या. मी तो कागद घेऊन मामाच्या खोपटात गेलो. त्याचा डावा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये होता.

"कागद आलाय, मामा."

"छिन्नी कोन धरंल? तुझा बाप?"

"मी धरतो."

पाणी ओसरल्यावर आम्ही बाराव्या पायरीवर बसलो. मी छिन्नी धरली, मामाने उजव्या हाताने हातोडा उचलला. घाव नेमका छिन्नीच्या डोक्यावर बसत होता, एकही चुकला नाही. झुंबरबाई पडली त्या जागेवर आलो, तेव्हा मामा थांबला.

"त्या दिशी खंडेरावला काय बोल्ला तू?"

"मला काही माहीत नाही, असं बोललो."

हातोडा माझ्या अंगठ्यावर आला. नख फुटलं, हाड तडकलं, मी गुरासारखा ओरडलो.

मामाने माझा अंगठा धरून बघितला आणि सोडून दिला.

"धर. अजून लय पायऱ्या ऱ्हायल्यात."

मी छिन्नी दुसऱ्या हातात घेतली आणि कडेवर टेकवली.