तिसऱ्या बेसवर दोघं

लग्नानंतरच्या पहिल्या दोन महिन्यांत मी नवऱ्याशी जेवढं बोलले, त्यातलं निम्मं बेसबॉलबद्दल होतं. नव्वदीच्या दशकातली गोष्ट. कुंभार पिंपळगावच्या आमच्या घरात थोरल्या माणसांसमोर नव्या जोडप्यानं गप्पा मारत बसायची पद्धत नव्हती. हे गावातल्या हायस्कुलात खेळाचे शिक्षक. मी औरंगाबादला कॉलेजच्या सॉफ्टबॉल संघात खेळून, बी.पी.एड. करून तालुक्यातल्याच एका मुलींच्या शाळेत लागलेली. त्या वर्षी जिल्ह्याच्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आला आणि सामने आमच्या गावच्या मैदानावर ठरले. पंच म्हणून आसपास दोनच माणसं सापडली. दोन्ही एकाच घरातली.

यांनी तीन दिवसांच्या शिबिरातून नियमांची टाइप केलेली इंग्रजी प्रत आणली होती. रविवारी सकाळी आम्ही ती ओसरीत उघडून बसायचो. चार बेसांच्या जागी चार बशा पालथ्या घातल्या की मैदान तयार. धावणारे खेळाडू म्हणजे चिंचोके. सासूबाई जाता-येता विचारायच्या, "काय करून राह्यलात?"

"नियम बघून राह्यलो," हे म्हणायचे.

आणि खरंच नियमच बघत होतो. फक्त चिंचोका सरकवताना बोटाला बोट लागलं की पुढची ओळ दोघांनाही दोनदा वाचावी लागायची.

एकदा सासरे येऊन बाजेवर बसले. ते तरुणपणी कबड्डी खेळलेले, त्यामुळे खेळ म्हटला की कान टवकारायचे.

"तीनदा मारायला गेला अन् तीनदा हुकला, म्हंजे आउट ना?" त्यांनी मला विचारलं.

"हो मामा. पण तिसऱ्या वेळी त्याच्या मागं बसलेल्या कॅचरच्या हातून चेंडू सुटला, तर तो पहिल्या बेसकडं पळू शकतो."

"आउट झाल्यावर?"

"त्या बेसवर आधीच कुणी उभं नसलं तर. नाहीतर मग दोघं आउट झालेले असले तर, कुणी असलं तरी चालतं."

सासऱ्यांनी वाकून बशा पुन्हा मोजल्या. "मंग त्याला आउट म्हणून काय फायदा झाला?" ते म्हणाले.

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तोंडात पदर कोंबून हसले. मागून हेही पाणी प्यायचं निमित्त करून आले. माठाजवळ उभं राहून, आवाज न करता, डोळ्यांत पाणी येईपर्यंत आम्ही हसलो. नवऱ्यासोबत मी हसले, असं ते पहिल्यांदाच.

त्या प्रतीत एक नियम पंचांसाठी होता. दुसऱ्या पंचाचा निर्णय चुकला असं वाटलं, तरी त्यानं स्वतः विचारल्याशिवाय मध्ये बोलायचं नाही. ओसरीत वाचताना तो फार सोपा वाटला होता.

सामन्याच्या दिवशी मी पांढरा पंजाबी ड्रेस घातला. गावात सुनेनं टोपी घालून चारचौघांत उभं राहायचं, म्हणून मी जरा दबकतच होते. पण सासूबाईंनीच टोपी हातात दिली. "ऊन लई हाय," एवढंच म्हणाल्या. मैदानावर यांनी मला मॅडम म्हणायचं आणि मी यांना सर, असं आमचं ठरलं.

वाळूनं भरलेल्या पोत्यांचे बेस होते. लिंबाखाली पाण्याची टाकी होती आणि तिच्या शेजारी खुर्ची टाकून सासरे बसले होते. अंतिम सामना भोकरदनकडच्या आणि परतूरकडच्या संघात होता. शेवटच्या डावापर्यंत दोघांची बरोबरी होती आणि परतूरची फलंदाजी संपून भोकरदनची चालू होती. तिघं आउट झाले की डाव संपणार; एक जण आउट झालेला, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर एकेक खेळाडू, पहिला बेस रिकामा.

फलंदाजानं हळू मारलेला चेंडू, तो टाकणाऱ्या पिचरनंच उचलून कॅचरकडं फेकला. तिसऱ्या बेसवरचा मुलगा धाव पूर्ण करायला होमकडं, म्हणजे शेवटच्या बेसकडं, निघाला होता, तो मध्येच अडकला. फलंदाजही पहिल्या बेसच्या वाटेत घुटमळला, त्याचे मास्तर ओरडले, तेव्हा कुठं तो पहिल्या बेसवर पोचला. इकडं अडकलेला मुलगा वळून परत तिसऱ्या बेसवर आला, तर दुसऱ्या बेसवरचा तोवर तिथं येऊन उभा. एका पोत्यावर दोघं, एकमेकांना धरून. कॅचर पळत आला आणि त्यानं दोघांनाही चेंडू लावला.

हात वर करून यांनी आधीच्या मुलाला आउट दिलं आणि मागून आलेल्याला ठेवलं.

ते चूक होतं. मला स्वच्छ माहीत होतं. मी ओठ घट्ट मिटले आणि आभाळाकडं बघितलं. भोकरदनचे मास्तर आत येऊन म्हणाले, "सर, बेस तर आधीच्याचाच होता ना?"

भोवती सगळं गाव उभं होतं. हे मोठ्यानं म्हणाले, "मॅडम, जरा या."

मी गेले. टोपीला टोपी लागेल इतके आम्ही जवळ उभे राहिलो.

"कोण आउट?" यांनी हळूच विचारलं.

"मागून आलेला. बेस आधीच्याचा. चेंडू मारला तेव्हा पहिला बेस रिकामा होता, म्हणजे आधीच्याला जागा सोडायची सक्ती नव्हती."

"मी उलटं सांगितलं."

"हो सर."

"किती उलटं?"

"पूर्ण."

यांची मिशी थरथरली. मी गालाचा आतला भाग चावला. अंतिम सामन्यात दोन्ही पंच हसताना दिसले असते, तर दोन्हीकडच्या मास्तरांनी आम्हाला हाकललंच असतं.

एवढ्यात लिंबाकडून आरडाओरडा झाला. आउट दिलेला मुलगा बिचारा टाकीवर जाऊन पाणी पीत होता. परतूरचा कॅचर हुशार, आमची कुजबुज बघून तो पळत तिथं गेला आणि पाणी पिणाऱ्याच्या पाठीला त्यानं चेंडू लावला. पेला उडाला, अर्धं पाणी सासऱ्यांच्या धोतरावर.

"मंग दोघंबी आउट द्या," परतूरचे मास्तर म्हणाले. "बेस सोडून गेल्ता ना तो."

यांनी पुन्हा सगळ्यांसमोर विचारलं, "मॅडम, याचं काय?"

"तो स्वतःहून गेला नाही सर," मी म्हणाले. आवाज माझ्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "आपण आउट म्हणलो म्हणून गेला. चूक आपली. त्याला परत बेसवर उभं करायचं."

हे मैदानाच्या मध्यभागी गेले. दोघांनी मिळून ठरवलं, असं सांगून त्यांना सहज सुटता आलं असतं. ते म्हणाले, "माझा निर्णय चुकला होता. मॅडमनी दुरुस्त केला. मागून आलेला आउट, आधीचा तिसऱ्या बेसवर."

मी यांच्याकडंच बघत राहिले, पुढचे दोन चेंडू मी बघितलेच नाहीत. तिसऱ्या चेंडूवर सणसणीत फटका बसला आणि पाणी पिऊन ताजातवाना झालेला तो मुलगा होमवर पोचला. भोकरदन जिंकलं. परतूरचे मास्तर जरा वेळ धुसफुसले, मग येऊन म्हणाले, "न्हाई मॅडम, बराबर होतं तुमचं. ते पुस्तक जरा बघायला द्या."

खुर्चीजवळ कुणीतरी सासऱ्यांना म्हणत होतं, "पोरानं भर मैदानात बायकोला विचारलं की."

सासरे धोतर पिळत होते. "ती पंच हाय," ते म्हणाले. "विचारायचं न्हाई, तर उभी कशाला केली तिला?"

त्या दिवशी गावचा बाजार होता. एरवी हे माझ्यापुढं दहा पावलं चालायचे. त्या दिवशी शेजारी चालले. जिलेबीच्या कढईपाशी थांबून त्यांनी पाव किलो घेतली आणि आम्ही तिथंच उभ्यानं, एका कागदातून खाल्ली. ओळखीची माणसं बघत होती. माझ्या डोक्यावर अजून टोपी होती, बोटांना पाक लागला होता, आणि दोघांनाही हसू आवरत नव्हतं.