मालकांनी कबूल केलेला अलिबागचा समुद्र

मी चौथी पास. चुकलं-माकलं पोटात घाला. नात सोनाली म्हणाली, "आज्जी, तू बोलतीस तसंच लिही, मी ब्लॉगवर टाकते." म्हणून लिहायला बसले.

आमचं गाव पाथर्डीच्या अलीकडं. दोन वर्षं झाली, मालक मला वळखत न्हाईत. ऊसतोडीत नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात. आमी श्रीगोंद्याच्या फडात कितीतरी हंगाम एक कोयता म्हणून काढले, आन आता त्यातला निम्मा कोयता मला "ओ बाई" म्हणतो! लग्न नवं असताना एका दुष्काळात मालक अलिबागला गेल्ते, मासळीच्या धक्क्यावर बर्फ वाहायला. आल्यावर म्हणले, "कारभारणी, तुला समुद्र दाखवीन." मग ऊसच ऊस. कशाचा समुद्र! यंदा डॉक्टर म्हणले, जुनी जागा दाखवून बघा, कधी कधी खूण पटती. मी लगेच दशम्या केल्या, सोनालीबी संगं निघाली.

पाथर्डी ते नगर, नगर ते पुणं, मग स्वारगेटवरून अलिबागची एसटी. बायांना निम्मं तिकीट, मालकांना पंच्याहत्तरीमुळं फुकट. घाटात माझ्या कानाला दडे बसले. पेणच्या पुढं जिकडं बघावं तिकडं पाणी. एवढं पाणी आमच्या रानात असतं, तर दुसऱ्याचा ऊस कशाला तोडला असता?

समुद्राजवळ घरगुती खोली मिळाली. तांदळाची भाकरी इतकी मऊ, की दात नसला तरी चालतंय. ताटात बांगडा आला. आमच्या घरात कुणाला मासा नीट खाता येत न्हाई, पण मालकांनी काटा असा अलगद काढला की बघत राहावं. माझ्या काळजात लखकन झालं. हाताला याद हाय! मी म्हणलं, "अजून वाढू का?"

"वाढा की बाई," मालक म्हणले.

सकाळी बघते तर समुद्र आटलेला! किल्ला पाण्यात असतो म्हणत्यात, आन लोक पायी चाललेले. ज्यांना चालवत न्हाई त्यांना घोडागाडी हाय. आमी चालत गेलो, वल्या वाळूत चपला हातात घेऊन. किल्ला महाराजांच्या वेळचा, दर्यात आरमार फिरायचं त्या काळचा. आत गणपती हाय, आन सगळ्यात नवल म्हणजे चारी बाजूला खारं पाणी आन मधी गोड्या पाण्याची विहीर. मी तिथं सरबत विकणाऱ्या बाईला आमच्या आडाची सगळी कहाणी सांगत बसले. आमच्याकडं पाणी एकदा गेलं की गेलं. म्हणून मला घाई वाटलीच न्हाई.

सोनाली पळत आली. "आज्जी, वाट बुडाली!"

सरबतवाली हसली. "भरती आली आजी. आता होडीनं जा, नायतर दिवस कलेपर्यंत बसा. तुमच्या गावाला पाणी कधी येतं?"

"टँकरवाल्याच्या मनात आलं की."

मालक काही होडीत पाय ठेवीनात. बसलो. (तुमी गेलात तर भरती-ओहोटीचं टायम आधी इचारून घ्या.) मालक तटावर बसून पाण्याकडं टक लावून बघत हुते. मी जवळ सरकले. आज न्हाई तर कधीच न्हाई, असं वाटलं. म्हणलं, "वळखलं का?"

"न वळखायला काय झालं? इथंच बर्फ वाहिला मी." त्यांचं तोंड लई दिसांनी फुललं. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणले, "बाई, माझ्या कारभारणीला हे दाखवायचंय. कबूल केलंय तिला. पुढल्या खेपंला आणतो."

सोनालीनं तोंड फिरवलं. मी म्हणलं, "आणा. वाट बघत असंल ती."

समुद्र सगळा आठवला. मीच तेवढी राहिले.

संध्याकाळी पाणी वसरलं. येताना मालक वाकून वाकून शिंपले येचत हुते, उपरण्यात बांधत हुते. मी एक उचलून दिला, तर म्हणले, "चांगला बघा, फुटका नको."

घरी येऊन आठ दिवस झाले. अलिबाग लई चांगलं हाय, जरूर जावा, जेवणाला नावं ठेवायला जागा न्हाई. पण मी ज्याच्यासाठी गेल्ते ते काही झालं न्हाई, आन आता होईल असंबी वाटत न्हाई. डॉक्टरकडंबी आता सांगायला दुसरी जागा राहिली न्हाई.

शिंपल्यांची गाठ मालकांच्या उशाखाली हाय. काल गोधडी झटकताना मी ती उचलली, तर माझा हात धरला.

"ठेवा ती. माझ्या बायकोची हाय."

ठेवली.